विकला माल, अडला पैसा : वाचकांचे प्रश्न, उद्योगाची उत्तरं

या अंकात घेतलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : गिऱ्हाईक आहे, माल जातो, तरी गल्ल्यात पैसा दिसत नाही. म्हणून आधी हिशेबाचे प्रश्न घेतले आहेत, कायद्याचे नंतर.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात मी घरी भाजणीची चकली करते. २०० ग्रॅमच्या पाकिटावर किंमत ८० रुपये छापली आहे. पीठ, तेल, मसाला मिळून पाकिटाला ३८ रुपये लागतात. पाच दुकानदार २५ टक्के कमिशनवर माल ठेवतात. मदतीला एक ताई येतात, त्यांना रोज ४५० रुपये देते. दिवसाला ६० पाकिटं होतात. माल खपतो, पण महिनाअखेरीस हातात काही राहत नाही. चूक कुठे होते आहे?

८० मधून ३८ वजा करून ४२ रुपये सुटतात, असं तुम्ही धरून चाललात. हिशेब पाकिटाचा न करता दिवसाचा करा, म्हणजे गळती दिसेल.

६० पाकिटांचा कच्चा माल २,२८० रुपये. पाऊच आणि लेबल पाकिटामागे ४ रुपये, गॅस ३ रुपये, दुकानापर्यंत पोचवायला २ रुपये धरा. हे झाले ५४०. ताईंची मजुरी ४५०. रोख खर्च ३,२७० रुपये. आता जमा बघा. फुटलेली, मऊ पडलेली, परत आलेली पाकिटं शंभरात पाच धरली तर ६० पैकी ५७ चेच पैसे येतात. कमिशन कापून दुकानदार पाकिटाला ६० रुपये देतो, म्हणजे ३,४२० रुपये. उरले १५०. पहाटेपासून कढईपुढे उभं राहून तुमची दिवसाची कमाई दीडशे रुपये होते आहे. तुमच्या मदतनीस ताई तुमच्या तिप्पट कमावतात.

स्वतःची मजुरी खर्चात धरायलाच हवी. दिवसाला ६०० रुपये धरले तर एकूण खर्च ३,८७० होतो आणि विकलं गेलेलं पाकीट तुम्हाला ६८ रुपयांना पडतं. त्यावर धंद्यासाठी थोडं राखायचं, तर दुकानदाराकडून ७५ रुपये यायला हवेत. इथे बहुतेकांची गफलत होते. ७५ वर २५ टक्के चढवून ९४ रुपये छापतात. दुकानदार मात्र छापील किमतीवर २५ टक्के कापतो, त्यामुळे ९४ मधून हाती साडेसत्तरच येतात. चढवायचं नाही, भागायचं : ७५ भागिले ०.७५, म्हणजे १०० रुपये.

एकदम ८० चे १०० केले तर गिऱ्हाईक बिचकेल, अशी भीती वाटत असेल तर वजन १५० ग्रॅम करा आणि किंमत ८० च ठेवा. तेवढ्याच १२ किलो चकलीची ८० पाकिटं होतील. पाऊच आणि वाहतूक वाढून दिवसाचा खर्च ३,९९० होतो. ७६ पाकिटांचे ६० प्रमाणे ४,५६० येतात. तुमची मजुरी निघून वर ५७० रुपये राहतात. १०० रुपयांच्या पाकिटात हाच आकडा ४०५ आहे. आमच्या मते तुम्ही १५० ग्रॅमचाच मार्ग धरावा. फक्त निव्वळ वजन ठळक छापा आणि दुकानदारांना आधी सांगा. जुन्या पाऊचवर गुपचूप कमी वजन भरणं हा वैधमापन कायद्यानुसार गुन्हा आहे, शिवाय गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

परत येणाऱ्या पाकिटांकडेही बघा. चकली कोमट असताना सील केली की आतली वाफ पाऊचला धरते आणि आठवड्यात चकली मऊ पडते. पूर्ण गार होऊ द्या, पावसाळ्यात झाकून ठेवा, पातळ पारदर्शक पिशवीऐवजी ओलावा रोखणारं अनेक थरांचं पाऊच घ्या आणि सीलची पट्टी ओढून बघा. जुनं तेल पुन्हा पुन्हा वापरलं की खवट वास लवकर येतो. माल जांगडवर ठेवत असाल, म्हणजे विकल्यावर पैसे, तर दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन पाकिटं मोजा आणि जुना बॅच पुढे लावा. दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर राहू नका; दोन प्रतींचं साधं चलन पुस्तक पुरतं.

लेबलवर हे लागतंच : पदार्थाचं नाव, उतरत्या प्रमाणात घटक, पोषणमूल्यं, हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावं ती तारीख, सर्व करांसह किंमत, प्रतिग्रॅम किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक. हा क्रमांक घरगुती उद्योगालाही घ्यावा लागतो.

प्रश्न : भोसरीत माझं छोटं मशिनिंग युनिट आहे. स्वतःचं मटेरियल आणून पार्ट बनवून देतो. महिन्याचं बिलिंग साधारण ५ लाख. मुख्य कंपनी ९० दिवसांनी, कधी चार महिन्यांनी पैसे देते. 'उद्यम' या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी नोंदणीचा इथे उपयोग होतो का? तक्रार केली तर काम जाईल, ही भीती आहे.

उपयोग होतो, पण कागद आधीपासून नीट असतील तरच.

तुमच्या बिलावर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ५ लाख ९० हजार होतात. ९० दिवसांच्या उधारीत १७ लाख ७० हजार कायम कंपनीकडे पडून आहेत. त्यातून, कंपनीने दमडी दिली नसली तरी मासिक विवरणात तुमचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतो. ९० हजारांतून खरेदीवरच्या कराची वजावट जाऊन उरेल ते तुमच्या खिशातून. उशीर झाला की त्यावर १८ टक्के व्याज. म्हणजे मोठ्या कंपनीचा धंदा तुमच्या भांडवलावर चालला आहे. हे अन्यायाचं आहे आणि कायदाही तेच म्हणतो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. पर्चेस ऑर्डरवर '९० दिवस' छापलं असलं तरी ते ४५ च्या पुढे टिकत नाही. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर साडेपाच टक्के धरला तर व्याज साडेसोळा टक्के होतं.

नोंदणी उद्यमच्या सरकारी संकेतस्थळावर, आधार आणि पॅनवर, पूर्ण मोफत होते. हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी साइट सरकारी वाटाव्यात अशाच बनवलेल्या असतात. पैसे मागितले की बाहेर पडा. नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांचं व्याज मागायला गेलात की समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

माल पोचल्यावर चलनावर सही, शिक्का आणि तारीख घ्या. ४५ दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. १५ दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. 'क्वालिटीत अडकलंय' असं चार महिन्यांनी तोंडी सांगितलं जातं, तेव्हा हे चलनच कामाला येतं. आणि दर ३१ मार्चला कंपनीकडून खातेउताऱ्यावर सही-शिक्का घ्या. वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत अशा लेखी कबुलीने पुन्हा सुरू होते.

आता भीतीचं. थेट तक्रारीने सुरुवात करू नका. पर्चेसवाल्या साहेबांना फोन करून काही होत नाही, पत्र अकाउंट्सला जायला हवं. त्यात दोन गोष्टी शांतपणे लिहा. पहिली, सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला त्या खर्चाची आयकरातली वजावट त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हा नियम आहे. दुसरी, १८० दिवसांत बिल चुकतं केलं नाही तर कंपनीला त्या बिलावर घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासह उलटवावी लागते. हे पत्र जानेवारी-फेब्रुवारीत गेलं तर मार्चअखेरच्या आत बिलं निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. (आयकराचा हा नियम उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या व्यापाऱ्याला तो लागू नाही.)

कंपनीची उलाढाल २५० कोटींवर असेल तर तिला 'ट्रेड्स' या बिल-वटणावळीच्या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. तिथे कंपनीने तुमचं बिल मान्य केलं की बँक बोली लावून पैसे आगाऊ देते आणि वसुली कंपनीकडून करते. वटणावळीचा खर्च कोण सोसणार ते आधी ठरवा. संबंध न बिघडवता पैसा सोडवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

काहीच जमलं नाही तर राज्याच्या सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेकडे (ही थकलेल्या बिलांचे वाद सोडवते) ऑनलाइन अर्ज करता येतो. आधी समेट, तो फिसकटला की लवाद. निकाल विरोधात गेल्यावर कंपनीला कोर्टात जायचं असेल तर रकमेचे ७५ टक्के आधी भरावे लागतात. पण तुमच्या पत्रातला 'मुख्य कंपनी' हा शब्द खटकतो. निम्म्याहून जास्त काम एकाच ठिकाणचं असेल तर कायदा हातात असूनही वापरता येत नाही. दोन छोटी गिऱ्हाइकं शोधा, दर थोडा कमी मिळाला तरी चालेल, पैसे ३० दिवसांत देणारी हवीत.

प्रश्न : नाशिकहून कुर्त्या ऑनलाइन विकते. वर्षाची उलाढाल ९ लाख. आता बेंगळुरू आणि इंदूरहून ऑर्डरी येतात. जीएसटी घ्यावा लागेल?

हो. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण ही सवलत वस्तू राज्याबाहेर विकली की पहिल्याच कुर्तीला संपते. महाराष्ट्रातल्याच गिऱ्हाइकांना मोठ्या ऑनलाइन विक्री मंचावरून विकणार असाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीऐवजी नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन चालतं. कंपोझिशन योजना (छोट्यांसाठी उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याची सोय) तुम्हाला नको; त्यात परराज्यात विक्री करता येत नाही.

सरकारी शुल्क शून्य आहे. अर्ज अडतो तो पत्त्यावर. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा आणि पॅन, आधार, बँक खातं या तिन्हींवर नाव सारखं करून घ्या; लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असणं हेच अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण. २,५०० रुपयांपर्यंतच्या कुर्तीवर ५ टक्के कर आहे. एखाद्या महिन्यात विक्री झाली नाही तरी विवरण भरायचं. शून्य विवरणालाही उशिरासाठी दिवसाला २० रुपये लागतात, आणि लोक 'विक्रीच नव्हती' म्हणून विसरतात.

प्रश्न : लातूर जिल्ह्यात पत्नीच्या नावाने लाकडी घाण्याचं तेल सुरू करायचं आहे. प्रकल्प ८ लाखांचा. ३५ टक्के अनुदान मिळणार असं एजंट सांगतो, म्हणजे २ लाख ८० हजार हाती येतील, त्यातून शेंगदाणा भरायचा विचार आहे.

हा विचार आजच सोडा. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम) योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आणि ५ टक्के स्वतःचा वाटा हे खरं आहे, पण अनुदान हाती येत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, हाच काय तो फायदा. मधेच युनिट बंद पडलं तर अनुदान परत जातं. अर्ज ऑनलाइन असतो, एजंट लागत नाही. यंदाचे अर्ज सुरू आहेत का आणि राज्याची स्वतंत्र योजना सोयीची पडेल का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. आणि व्यवसाय पत्नीच्या नावावर असेल तर मुलाखतीत दर, उतारा (किती शेंगदाण्याला किती तेल), हप्ता त्यांनाच सांगता यायला हवा. खऱ्या अर्थाने त्यांनीच तो चालवावा.

आता घाण्याचा हिशेब. एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणा लागतो. दिवसाला ६० किलो गाळले तर २४ लिटर तेल आणि ३५-३६ किलो पेंड. शेंगदाणा १२० रुपये किलो धरला तर कच्चा माल ७,२०० रुपये, मजुरी ६००, वीज २५०, बाटल्या २९०, मिळून ८,३४०. तेल ३४० रुपयांनी गेलं तर ८,१६०, पेंड ३५ रुपयांनी १,२६०, मिळून ९,४२०. दिवसाला साधारण १,०८० सुटतात. अनुदान वगळून उरलेल्या ४ लाख ८० हजारांवर ११ टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे १०,४०० पडेल, म्हणजे कामाच्या २५ दिवसांत रोजचे ४१७. हाती राहिले साडेसहाशेच्या आसपास.

आकडे नीट पाहिलेत तर पेंड विकली गेली नाही तर तुम्ही दिवसाला सहाशे रुपये तोट्यात आहात. घाणा घेणारे सगळे तेलाची जाहिरात करतात आणि पेंड कोपऱ्यात पोत्यात साठते, पावसाळ्यात तिला बुरशी लागते. मशीन बुक करण्याआधी दोन-तीन दूधवाल्यांशी पेंडेचा भाव ठरवा.

खेळतं भांडवल वेगळं मागा. महिन्याचा १,५०० किलो शेंगदाणा म्हणजे १ लाख ८० हजार. हंगामात भरायचा तर याच्या तिप्पट-चौपट. यंत्राच्या मुदत कर्जाबरोबरच कॅश क्रेडिटचा (लागेल तसे पैसे उचलायच्या कर्जखात्याचा) अर्ज करा. नंतर मागितलं तर बँक वर्षभराची उलाढाल बघायला थांबवते. महावितरणच्या थ्री-फेज जोडणीचं कोटेशनही प्रकल्प अहवालात घाला. यंत्र दारात, हप्ता चालू आणि मीटर नाही, अशी दोन महिन्यांची अडचण फार जणांना भोवते. शेंगदाणा ओलसर घेऊ नका. उतारा घटतो आणि तेल लवकर खवट होतं.

प्रश्न : नागपूरचे आम्ही दोघे मित्र रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. तिसरा मित्र नोकरी सांभाळून कोड लिहितो, त्याला १० टक्के द्यायचे आहेत. प्रायव्हेट लिमिटेड करावी की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी)?

बाहेरचा गुंतवणूकदार येत्या वर्ष-दीड वर्षात घ्यायचा असेल तर प्रायव्हेट लिमिटेड, नाहीतर एलएलपी. कंपनीला उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण करावं लागतं आणि वार्षिक फॉर्म चुकले तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये चढत जातात. एलएलपीला ४० लाखांची उलाढाल किंवा २५ लाखांचं भांडवल ओलांडेपर्यंत लेखापरीक्षण सक्तीचं नाही. 'फॉर्म ११' ३० मेपर्यंत आणि 'फॉर्म ८' ३० ऑक्टोबरपर्यंत भरला की बरंच काम झालं. 'स्टार्टअप'ची सरकारी मान्यता दोन्हींना मिळते, एकल मालकीला मिळत नाही.

पण तुमची खरी जोखीम कोडची आहे. तिसऱ्या मित्राच्या नोकरीच्या करारात 'नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळं कंपनीचं' असं कलम असतं का, ते त्याच्याकडून वाचून घ्या. असेल तर तुमच्या सॉफ्टवेअरवर त्याच्या कंपनीचा हक्क सांगितला जाऊ शकतो. नसेल तर त्याने आणि तुम्ही दोघांनीही कोडचे हक्क लेखी संस्थेच्या नावे करा. डोमेन, सर्व्हर, ॲप स्टोअरचं खातं एकाच्या खासगी ईमेलवर ठेवू नका.

१० टक्के एकदम देऊ नका. चार वर्षांत विभागा. पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर अडीच टक्के, पुढे दर तिमाहीला थोडे. सहा महिन्यांत तो परदेशी गेला तर तुमच्याकडे भांडण उरत नाही. तुम्हा दोघांनाही हेच कलम लावा. आणि तुम्हा दोघांचा वाटा सारखाच असेल तर मतभेद झाल्यावर कोणत्या विषयात कोणाचा शब्द शेवटचा, हे मैत्री ताजी आहे तोवर लिहून ठेवा.

प्रश्न : लोणच्याच्या ब्रँडच्या नावाने कंपनी नोंदवली आहे. वेगळा ट्रेडमार्क हवा का?

हवा. कंपनीचं नाव नोंदवलं म्हणून बरणीवरच्या नावाचा हक्क मिळत नाही. लोणचं वर्ग २९ मध्ये येतं, चकली-फरसाण ३० मध्ये. व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. म्हणून उद्यम आधी करा. अर्जाआधी सरकारी पोर्टलवर उच्चारानेही शोध घ्या, नुसतं स्पेलिंग बदलून वेगळेपण सिद्ध होत नाही. 'कोकणी', 'घरगुती', 'ताजं' असे वर्णनाचे शब्द एकट्याने मिळत नाहीत. सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. तोवर नावापुढे 'टीएम' लिहा. वर्तुळातलं 'आर' चिन्ह नोंदणी झाल्यावरच, त्याआधी छापणं बेकायदा आहे. म्हणून पहिल्या खेपेला दहा हजार लेबलं छापू नका, पाचशेच छापा.